आई, माझा हात वीक आहे का?

पत्र असं आलंय:

"ताई, नमस्कार. मी डोंबिवलीत राहते, मुलगी पहिलीत आहे, इंग्लिश मीडियम. ती डावखुरी आहे, अगदी पाळण्यात होती तेव्हापासून खुळखुळा डाव्या हातानेच धरायची. आम्हा दोघांना त्याचं काही नाही पण सासूबाईंना आवडत नाही, विशेषतः जेवताना आणि प्रसाद घेताना. गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर दिरांनी एक मेसेज टाकला, की लेफ्ट या इंग्लिश शब्दाचा मूळ अर्थच वीक असा आहे आणि लॅटिनमध्ये डाव्याला सिनिस्टर म्हणतात, म्हणजे इंग्रजांनाही माहीत होतं की डावं ते वाईट. घरात तो मोठ्याने वाचला गेला. मुलगी तिथेच चित्र रंगवत बसली होती. रात्री झोपताना तिने विचारलं, आई, माझा हात वीक आहे का? मी नाही म्हणाले, पण ताई, तो मेसेज खरा की खोटा हे मलाच माहीत नाही. खरा असेल तर तिला काय सांगू? आणि उजव्या हाताची सवय लावावी का?"

अगं, आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. नाही. लिहिण्याचा हात बदलायचा नाही, प्रेमाने नाही, चॉकलेट देऊन नाही आणि "फक्त थोडे दिवस ट्राय करून बघू" म्हणूनही नाही. पोटातलं बाळ साधारण पंधराव्या आठवड्यापासून कुठला अंगठा चोखतं हे सोनोग्राफीत बघितलं गेलंय आणि पुढे मोठं झाल्यावर बहुतेकदा त्याच हाताने ते मूल काम करतं, त्यामुळे ही काही तुमच्या घरात लागलेली सवय नाहीये की मोडता येईल. शंभर माणसांत साधारण दहा जणं अशी असतात आणि जगात सगळीकडे असतात.

आता मेसेज. मेसेज खरा आहे. म्हणजे शब्दाबद्दल जे लिहिलंय ते खरं आहे, त्यातून जो अर्थ काढलाय तो चुकीचा आहे, आणि हा फरक तुला नीट कळला पाहिजे कारण उद्या मुलगी मोठी होऊन स्वतः डिक्शनरी उघडेल तेव्हा "आई खोटं बोलली" असं तिला वाटायला नको.

लेफ्ट हा शब्द जुन्या इंग्लिशमध्ये लिफ्ट असा होता (वर जाणाऱ्या लिफ्टशी याचा संबंध नाही) आणि त्याचा अर्थ कमजोर, निकामी असाच होता. पक्षाघाताला तेव्हा लिफ्ट-आडल म्हणायचे, आडल म्हणजे आजार, म्हणजे शरीर लुळं पाडणारा आजार. बहुतेकांचा डावा हात उजव्यापेक्षा कमी चालतो म्हणून तो "कमजोर हात", आणि साधारण 1200 सालाच्या आसपास हा शब्द डावीकडची बाजू या अर्थाने रुळलेला दिसतो. अजून एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण इंग्लिश मीडियमच्या मुलांच्या डोक्यात हे हमखास येतं, लेफ्ट म्हणजे उरलेला, सोडून दिलेला असं. तो लेफ्ट वेगळा, लीव्ह या क्रियापदाचा, त्याचं मूळच वेगळं आहे, फक्त दिसायला सारखे झालेत. तेव्हा तुझ्या मुलीचा हात उरलासुरला हात नाहीये हे तिला आधी सांग.

पण मेसेज लिहिणारा इथे थांबला आणि मला वाईट याचंच वाटतं, कारण खरी गोष्ट याच्या आधी सुरू होते. लेफ्ट रुळायच्या आधी इंग्लिश लोक डाव्या बाजूला काय म्हणायचे माहितीये का? विनेस्ट्रा. त्यात जो विने आहे त्याचा अर्थ मित्र. विनेस्ट्रा म्हणजे "जास्त मैत्रीची बाजू". स्वीडिश लोक आजही डाव्याला वेन्स्टर म्हणतात, डॅनिश लोक व्हेन्स्ट्र म्हणतात, ते याच शब्दाचे भाऊबंद. म्हणजे त्या लोकांच्या तोंडी हा हात आधी मैत्रीचा होता आणि मग कमजोर झाला. हात तर तोच होता ना? हाताला काही झालं नव्हतं, बोलणाऱ्यांचा शब्द बदलला.

मैत्रीचा का म्हणायचे? प्रेमाने नाही गं, भीतीने. डावी बाजू अशुभ वाटायची आणि अशुभाचं नाव तोंडावर घ्यायचं नसतं म्हणून गोड नाव दिलं. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढवते. नारळ फोडला तरी वाढवला म्हणतात. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. माझी आजी संध्याकाळनंतर सापाचं नाव घ्यायची नाही, "लांबडं" म्हणायची, आणि माता आल्या, देवी आल्या हे तर कशासाठी म्हणायचे ते सगळ्यांनाच माहीत आहे. कुणी घरातून निघताना जातो म्हणालं की आई आतून ओरडायची, येतो म्हण! तसंच अगदी. ग्रीक लोकांनी तर यात कमाल केली, त्यांचा डाव्यासाठीचा एक शब्द आरिस्तेरोस, म्हणजे "जास्त चांगला", आणि दुसरा एउओनिमोस, म्हणजे "शुभ नावाचा". इतकी गोड नावं आपण कोणाला देतो ते बघ, ज्याची धास्ती असते त्यालाच.

आणि एकदा गोड नाव दिलं की काही पिढ्यांनी तेही कडू होतं, कारण भीती जागच्या जागीच असते, फक्त शब्द बदललेला असतो. फ्रेंचांचं बघ. त्यांचा जुना शब्द लॅटिन सिनिस्टरवरून आलेला सनेस्त्र, तो अपशकुनी वाटायला लागला म्हणून टाकला आणि गोश हा शब्द घेतला, जो वाकणं, बाजूला वळणं या अर्थाच्या शब्दाशी जोडलेला आहे. झालं काय, गोशचाही अर्थ ओबडधोबड, अडाणी वागणारा असा झाला आणि तोच शब्द अठराव्या शतकात इंग्लिशनेही उचलला. स्पॅनिश लोकांनी तर शेजारच्या बास्क भाषेतून नवाकोरा शब्द उसना आणला, इस्किएर्दा, जुना नको म्हणून. बिचाऱ्या एका हातासाठी सगळा युरोप शब्द शोधत फिरत होता.

सिनिस्टरचं मात्र मला नीट सांगायचंय कारण मेसेजमध्ये सगळ्यात जास्त घाबरवणारा शब्द तोच आहे, आजच्या इंग्लिशमध्ये सिनिस्टर म्हणजे दुष्ट. लॅटिनमध्ये सिनिस्टर म्हणजे साधं डावीकडचं. रोमन लोक शकुन बघायचे, पक्षी कुठून उडाला, वीज कुठे चमकली, आणि शकुन बघणारा दक्षिणेकडे तोंड करून उभा राहायचा. दक्षिणेकडे तोंड केलं की पूर्व कुठे येते? डाव्या हाताला. सूर्य उगवतो ती बाजू डावी, म्हणून रोमन लोकांकडे डावा शकुन चांगला होता! ग्रीक लोक उत्तरेकडे तोंड करायचे, त्यांची पूर्व उजवीकडे, म्हणून त्यांचं डावं वाईट. पुढे रोमवर ग्रीक चालीरीतींचा पगडा बसला आणि सिनिस्टरला अपशकुनाचा अर्थ चिकटला, आणि मग तो फ्रेंचमधून पंधराव्या शतकात इंग्लिशमध्ये आला तो दुष्ट हा अर्थ घेऊनच आला. म्हणजे तुझ्या दिरांच्या मेसेजमधला तो मोठा पुरावा कशावर उभा आहे, तर माणूस कुठल्या दिशेला तोंड करून उभा राहिला यावर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आमच्या गच्चीवर जाऊन खरंच दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिले होते आणि सकाळचं ऊन डाव्या गालावर आलं.

आपल्याकडे कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात, तिथेही पाकळी उजवीकडची पडली की काम होणार, डावा कौल म्हणजे थांबा. मी हे नाकारत नाहीये, माझं माहेर तिकडचंच, मी स्वतः हात जोडून उभी राहिलेय. पण कौल देवाचा असतो, पोरीच्या हाताचा नसतो, ह्या दोन गोष्टी एकत्र करू नयेत.

आणि आपल्या भाषेत डावं म्हणजे फक्त वाईट असंही नाहीये. डावलणं आहे, डावं-उजवं करणं आहे, एखादा दुसऱ्यापेक्षा उजवा आहे असं आपण म्हणतो, हे सगळं आहे, लपवायचं कशाला. पण सणाचं ताट वाढताना बघ, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं हे सगळं डाव्या बाजूला, आणि ती डावी बाजू नसली तर पुरणपोळीचं जेवण सपक लागेल. गणपती बघ, उजव्या सोंडेचा कडक सोवळ्याचा मानतात, घरात लोक जपून बसवतात आणि डाव्या सोंडेचा आपला शांत, घरातला. संस्कृतमध्ये वाम म्हणजे डावा, वाम म्हणजे प्रतिकूल, आणि वाम म्हणजेच सुंदर सुद्धा! वामलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची. एकाच शब्दात तिन्ही.

उलट बाजूचं पण ऐक. राइट हा शब्द मुळात सरळ या अर्थाचा. आपला ऋजु, लॅटिनमधला रेक्टस आणि इंग्लिशमधला राइट हे एकाच मुळाचे शब्द, ऋजुचं जुन्या मराठीत उजू झालं आणि आपला उजवासुद्धा त्याच घरातला मानतात. पण मराठीत बाईंनी वहीत बरोबरची खूण केली तर तो शब्द बरोबर असतो, उजवा नसतो, हे दोन वेगळे राहिले. इंग्लिशमध्ये मात्र हाताला पण राइट आणि उत्तराला पण राइट. सहा वर्षांच्या मुलीने दिवसभर शाळेत राइट, व्हेरी गुड राइट ऐकायचं आणि स्वतःचा हात तेवढा राइट नाही, हे तिला टोचत असणार, तिला सांगता येत नसेल एवढंच. हे तिच्याशी बोल. तिला सांग की हे दोन अर्थ एका शब्दात राहतात, बस.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट आता सांगते आणि ही तू सासूबाईंना सांगायची आहे, भांडण म्हणून नाही, त्यांच्याशेजारी बसून. दोन्ही हातांनी सारखं काम करणाऱ्या माणसाला इंग्लिशमध्ये अँबिडेक्स्ट्रस म्हणतात. लॅटिनमध्ये डेक्स्टर म्हणजे उजवा, आपल्या दक्षिणचा तो सख्खा भाऊ, आणि दक्ष म्हणजे कुशल हेही आपल्याला माहितीये. तर अँबिडेक्स्ट्रस म्हणजे काय, तर "दोन्हीकडे उजवे हात असलेला". डावा हात कुशल निघाला तर त्याला त्याचं नावही ठेवलं नाही, त्यालाही उजवाच म्हटलं. आता आपल्याकडे बघ. अर्जुनाला काय म्हणतात? सव्यसाची. सव्य म्हणजे डावा. महाभारताच्या विराटपर्वात तो राजपुत्र उत्तराला आपली दहा नावं सांगतो त्यात हे नाव का पडलं तेही सांगतो, की गांडीव मी दोन्ही हातांनी ओढू शकतो म्हणून. उजव्या हाताने बाण सगळेच मारायचे, त्याचं काय कौतुक, नाव पडलं ते डाव्या हातावरून आणि डाव्याचं डावंपण तसंच ठेवून पडलं. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप दाखवताना श्रीकृष्ण त्याला हाक मारतो ती याच नावाने, निमित्तमात्रं भव सव्यसाचिन्. सासूबाईंकडे गीता असेल तर तो तेहतिसावा श्लोक काढ आणि त्यांनाच नातीला वाचून दाखवायला सांग. मेसेज मोठ्याने वाचला गेला होता ना, मग हेही मोठ्याने वाचलं जाऊ दे. आणि त्यांना क्रिकेट आवडत असेल तर सचिनचं सांग, बॅटिंग उजवी आणि सही मात्र डाव्या हाताने.

प्रसादाबद्दल. इथे मी सासूबाईंना पूर्ण चूक म्हणणार नाही. देवाचं घेताना उजवा हात पुढे करायचा हा त्यांचा भाव आहे आणि तो मोडून तुला काही मिळणार नाही. मुलीला ओंजळ करायला शिकव, दोन्ही तळवे, उजवा वर आणि डावा खाली त्याला धरून. तीर्थही तसंच घेतात, त्यात कोणाला कमीपणा नाही आणि डावा हात लपवावाही लागत नाही. जेवण्याबद्दल मात्र तू ठाम राहा, भात कालवून घास करणं हे लिहिण्याइतकंच बारीक काम असतं, बळजबरी केली की पोरगी अर्धं ताट टाकून उठेल. पाहुण्यांत, पंगतीत काय करायचं ते ती जरा मोठी झाली की तिचं तिला ठरवू दे.

आता शाळेचं, कारण खरा त्रास तिथे होतो आणि तो कमजोरीचा त्रास नसतो, वस्तूंचा असतो. तिच्या डाव्या हाताची करंगळीकडची कड बघितलीस का? शिसपेन्सिलने काळी, चमकणारी झालेली असते, कारण आपण डावीकडून उजवीकडे लिहितो आणि तिचा हात लिहिलेल्यावरूनच सरकत जातो. वही समोर सरळ ठेवायची नाही, जराशी डाव्या बाजूला सरकवून वहीचा वरचा भाग उजवीकडे कलता ठेवायचा आणि पेन्सिल टोकापासून जरा वर, दोन-तीन सेंटिमीटर सोडून धरायची, म्हणजे हात ओळीच्या खाली राहतो आणि लिहिलेलं तिला दिसतं. मनगट वरून वाकवून लिहायची सवय आत्ताच लागू देऊ नको, पुढे हात दुखतो. शिरोरेषा ती उजवीकडून डावीकडे ओढत असेल तर ओढू दे, रेष सरळ आली म्हणजे झालं, कोणी त्यावर मार्क कापत असेल तर तू जाऊन बोल. बाईंना सांगून बाकावर डाव्या टोकाला बसव, नाहीतर शेजारच्या मुलाचं कोपर आणि हिचं कोपर दिवसभर एकमेकांना लागतात आणि खोडी हिनेच काढली असं ठरतं. आणि कात्री डावखुऱ्यांसाठीची वेगळी मिळते ती आण, ऑनलाइन मिळते. साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती दाबली जाण्याऐवजी एकमेकांपासून फाकतात आणि कापायची रेष पात्याखाली लपते, त्यामुळे कागद चुरगळतो, आणि मग क्राफ्टच्या तासाला कोणीतरी म्हणतं हिला कापता येत नाही. ह्या एका कात्रीने काय फरक पडतो ते तू स्वतः बघ.

माझी आई डावखुरी होती. शाळेत तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर पट्टी मारायचे, उभी धरून, आणि तिने उजव्या हाताने लिहायला शिकलं आणि जन्मभर तसंच लिहिलं, अक्षर शेवटपर्यंत तिला स्वतःला आवडलं नाही, पत्र लिहायची वेळ आली की मला सांगायची. बाकी सगळं डाव्याने. विळीवर भाजी डाव्याने, पोळी उलटायची डाव्याने, रांगोळी उजवीकडून काढत यायची म्हणजे पदर लागून पुसायला नको. मला क्रोशे तिनेच शिकवलं. मी शेजारी बसून बघायचे आणि मला काही केल्या जमेना, सुई सगळी उलटी चालायची, मी रडकुंडीला आले होते, मग ती म्हणाली अगं शेजारून उठ आणि समोर बस, आरशात बघतेस असं समज. समोर बसले आणि पाच मिनिटांत पहिली साखळी आली.

पहिलीतली मुलगी आहे, बुटाच्या लेसची वेळ आलीच असेल तुमच्याकडे. तू उजव्या हाताची आहेस ना, मग तिच्या शेजारी बसून शिकवू नको, समोर बस.